जिरोना कसं पाहावं: तयारी, फिरण्याचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

स्पेनच्या कातालोनिया प्रांतातल्या जिरोनाला येणाऱ्या आपल्या मंडळींचा बेत बहुतेक वेळा सारखाच असतो. सकाळी बार्सिलोनाहून निघायचं, आधी फिगेरेस गावात चित्रकार दालीचं संग्रहालय उरकायचं, परतीच्या वाटेवर जिरोनाला उतरायचं आणि रात्री जेवायला पुन्हा बार्सिलोना. कागदावर हे बसतं. प्रत्यक्षात माणूस दुपारी दोन-अडीचला जिरोना स्टेशनात उतरतो. तो जुन्या गावात पोचेपर्यंत छोटी दुकानं दुपारसाठी बंद झालेली असतात, जेवणाच्या जागा शेवटची ऑर्डर घेत असतात आणि कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर पश्चिमेचं ऊन थेट आलेलं असतं. पायऱ्या चढायच्या, फोटो काढायचे, आइस्क्रीम खायचं, गाडी पकडायची. मग घरी गेल्यावर सांगतात, "छान आहे, पण दोन तासांत होतं."

दोन तासांत होत नाही. मी इथे राहते, पाहुण्यांना गाव दाखवणं हेच माझं काम आहे, आणि गाव तेच असताना केवळ क्रम बदलल्याने लोकांचा दिवस कसा बदलतो हे मी सतत पाहते. खाली दिलेला क्रम एका रात्रीच्या मुक्कामाचा आहे. मुक्काम जमतच नसेल तर चौथा टप्पा गाळा, पण सकाळी लवकर या आणि पाचव्या टप्प्याचा क्रम उलटा करू नका.

## टप्पा १: तिकीट काढण्याआधी वार ठरवा

सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. जिरोनातली बरीचशी संग्रहालयं सोमवारी बंद असतात आणि रविवारी दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात. रविवारी बहुतेक दुकानांनाही कुलूप असतं. म्हणजे "रविवार-सोमवार जिरोना" असा बेत केला की गावाची निम्मी दारं तुमच्यासाठी बंद.

मी सुचवते ती जोडी शुक्रवार-शनिवारची. शुक्रवारी दुपारी या, शनिवारी पूर्ण दिवस फिरा. मंगळवारी आणि शनिवारी देवेझा नावाच्या मोठ्या बागेत आठवडी बाजार भरतो, तोही पदरात पडतो. सोमवार-मंगळवारही चालतं, कारण सोमवारची संध्याकाळ नुसती भटकण्यात जाते आणि मंगळवारी सगळं उघडं असतं.

आता महिना. मे महिन्यात साधारण दहा दिवस 'तेम्स दे फ्लोर्स' हा फुलांचा उत्सव असतो. एरवी बंद असलेली खासगी घरांची अंगणं, तळघरं, जिने त्या दिवसांत फुलांनी सजवून लोकांना खुले करतात. पाहण्यासारखं नक्कीच आहे, पण शनिवार-रविवारी गल्ल्यांतून मुंगीच्या पावलांनी सरकावं लागतं. यायचंच असेल तर मधल्या वारी या, सकाळी उघडल्या-उघडल्या सुरुवात करा आणि हॉटेल काही महिने आधी घ्या. ऑगस्टमध्ये ऊन कडक असतं आणि बरीच स्थानिक दुकानं, जेवणघरं वार्षिक सुट्टीवर जातात.

कातालान संस्कृती जिवंत बघायची असेल तर या तारखा डोक्यात ठेवा:

- २३ एप्रिल, सांत जोर्दी. गावभर पुस्तकांचे आणि गुलाबांचे ठेले लागतात. लोक एकमेकांना पुस्तक आणि गुलाब देतात. गुलाबासोबत गव्हाची एक ओंबी बांधलेली असते, ती काढून टाकू नका.
- २३ जूनची रात्र. सांत जुआनच्या आदल्या दिवशी शेकोट्या आणि फटाके असतात. २४ जूनला सुट्टी.
- ११ सप्टेंबर, कातालोनियाचा राष्ट्रीय दिवस. मिरवणुका निघतात, झेंडे दिसतात, दुकानं बंद असतात.
- २९ ऑक्टोबर, गावाचे संत सांत नार्सिस यांचा दिवस. त्याच्या आगेमागे बरेच दिवस गावजत्रा चालते. एकच फेरी करणार असाल आणि गर्दी-थंडीची तयारी असेल तर मी हीच तारीख सांगेन.

तपासा: तुमच्या तारखांमध्ये सोमवार, रविवारची दुपार किंवा सार्वजनिक सुट्टी येते का? येत असेल तर त्या वेळेत तटबंदी, पूल, बागा अशा उघड्यावरच्या गोष्टी ठेवा.

## टप्पा २: व्हिसा आणि आरक्षणं, याच क्रमाने

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. उन्हाळी सुट्टीच्या हंगामात भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून शेवटच्या महिन्यावर विसंबू नका. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा आणि तो सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. अनेक देश फिरणार असाल तर जिथे सर्वांत जास्त रात्री मुक्काम आहे त्या देशाकडे अर्ज करायचा. पॅरिसला पाच रात्री आणि बार्सिलोना-जिरोनाला तीन असतील तर अर्ज फ्रान्सकडे जातो, विमान बार्सिलोनात उतरत असलं तरी.

हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. व्हिसा हातात आल्यावर मग पुढचं पक्कं करा:

१. बार्सिलोना ते जिरोना वेगवान गाडीचं तिकीट.
२. फिगेरेसला जाणार असाल तर दाली थिएटर-म्युझियमचं वेळ ठरलेलं तिकीट.
३. नदीकाठचं कासा मासो हे वास्तुविशारद राफाएल मासोचं घर. तिथे ठरावीक वेळेला छोट्या गटातच आत नेतात, त्यामुळे जागा आधी राखावी लागते.
४. रोका बंधूंचं एल सेल्येर दे कान रोका हे जेवणघर. तिथली टेबलं अकरा महिने आधी खुली होतात आणि लगेच संपतात. मिळालं नाही तर हळहळू नका, त्यांच्यातल्या धाकट्या जोर्दी रोकाचं आइस्क्रीमचं दुकान सांता क्लारा रस्त्यावर आहे आणि तिथे फक्त रांगेत उभं राहावं लागतं.

कॅथीड्रल आणि ज्यू इतिहासाच्या संग्रहालयाचं तिकीट दारात मिळतं. त्यासाठी महिनाभर आधी पैसे अडकवायची गरज नाही.

मुक्कामाबद्दल एक सूचना. जुन्या गावातलं हॉटेल फोटोत देखणं दिसतं, पण तिथल्या बऱ्याच गल्ल्यांत बाहेरच्या गाड्यांना मज्जाव आहे. चाकांची बॅग दगडी चढावर ओढत न्यावी लागते आणि सगळ्याच इमारतींना लिफ्ट नसते. सोबत आई-वडील असतील तर नदीच्या पश्चिमेला, स्टेशनच्या बाजूला राहा. तो भाग सपाट आहे आणि पूल ओलांडला की पाच-दहा मिनिटांत जुनं गाव. आणि हो, कातालोनियात माणशी, दर रात्रीचा पर्यटन कर वेगळा आकारतात. हॉटेलच्या आरक्षणात तो बहुधा धरलेला नसतो.

## टप्पा ३: बार्सिलोनाहून जिरोनाला येणं

सावधान: स्वस्त विमान शोधताना काही ठिकाणी "बार्सिलोना" लिहून पुढे बारीक अक्षरात जिरोना लिहिलेलं असतं. जिरोनाचा विमानतळ गावापासून बारा-एक किलोमीटरवर आहे, पण बार्सिलोना शहरापासून नव्वदच्या आसपास. तुम्हाला थेट जिरोनाला यायचं असेल तर सोनं, बार्सिलोनाला जायचं असेल तर भुर्दंड.

बार्सिलोनाच्या एल प्रात विमानतळावरून येताना दुसरी गडबड होते. आएरोबुस ही निळी बस बार्सिलोनाच्या मध्यवस्तीतल्या प्लासा कातालुन्या चौकात नेते, आणि जिरोनाची वेगवान गाडी सुटते सांत्स स्टेशनातून. सांत्सला जायला टर्मिनल २ वरून उपनगरी रेल्वे धरा. टर्मिनल १ ला उतरलात तर टर्मिनल २ पर्यंत मोफत बस आहे. रेल्वेमार्गाची कामं अधूनमधून निघतात, म्हणून फलकावरची सूचना वाचल्याशिवाय फलाटावर जाऊ नका.

सांत्सहून जिरोनाला दोन प्रकारच्या गाड्या जातात:

- वेगवान गाड्या: आवांत आणि आवे. साधारण ४० मिनिटं लागतात. आसन राखीव असतं, सामान यंत्रातून तपासतात आणि गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी दार बंद करतात. अर्धा तास हाताशी ठेवा. आवांतचं भाडं ठरलेलं असतं, आवेचं मागणीप्रमाणे चढतं-उतरतं. म्हणून आधी आवांत बघा.
- प्रादेशिक गाड्या. सव्वा ते दीड तास, कधी जास्तही. आसन राखीव नाही, तिकीट यंत्रातून तिथल्या तिथे मिळतं आणि स्वस्त असतं. या गाड्या पासेच दे ग्रासिया स्टेशनातही थांबतात, त्यामुळे मध्यवस्तीत राहणाऱ्यांना सांत्सपर्यंत जावं लागत नाही.

एका प्रकारचं तिकीट दुसऱ्या गाडीत चालत नाही. घाईत प्रादेशिकचं तिकीट घेऊन वेगवान गाडीच्या दारात उभे राहिलेले लोक मी नेहमी बघते. जिरोनातही दोन्हींचे फलाट वेगळे आहेत. वेगवान गाडी जमिनीखाली येते, प्रादेशिक गाडी वरच्या पुलावर. परतताना तिकिटावरचा प्रकार वाचून मगच जिना धरा. तिकीट बाहेर पडेपर्यंत जपून ठेवा, दोन्हीकडे फाटकं आहेत.

पाकीटमारीची भीती जिरोनात कमी आहे, सांत्समध्ये आणि बार्सिलोनाच्या मेट्रोत खरी. पासपोर्ट आतल्या खिशात ठेवा. अडचणीत ११२ हा एकच क्रमांक पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन सगळ्यांसाठी चालतो.

## टप्पा ४: पहिली संध्याकाळ, चढण नको

सामान टाकल्या-टाकल्या कॅथीड्रलकडे धावू नका. पहिली संध्याकाळ नदीकाठी घालवा.

पाच-साडेपाचला दुकानं पुन्हा उघडतात. पोन्त दे पेद्रा या दगडी पुलावरून सुरुवात करा आणि रांब्ला दे ला ल्यिबेर्तात या कमानींच्या रस्त्याने उत्तरेला चालत राहा. डाव्या हाताला ओन्यार नदी, तिच्यावर एकामागून एक पादचारी पूल. त्यातला लाल लोखंडी जाळीचा पूल १८७७ मध्ये गुस्ताव्ह आयफेलच्या कंपनीने बांधला. रंगीत घरांचा फोटो सगळे याच पुलाच्या जाळीतून काढतात. मी दोन पूल अलीकडे-पलीकडे जाऊन पाहायला सांगते, कारण तिथून घरांच्या रांगेच्या मागे सांत फेलिऊ या चर्चचा मनोरा आणि कॅथीड्रल दोन्ही एका नजरेत येतात.

सात-साडेसातला कॅथीड्रलच्या पायथ्याशी जा. दर्शनी बाजू पश्चिमेकडे आहे, म्हणून सकाळी ती सावलीत असते आणि संध्याकाळी उजळते. पायऱ्यांचा फोटो आत्ता काढून ठेवा, खालून. चढायचं नाही. उद्या तुम्ही वरच्या बाजूने येणार आहात.

जेवण साडेआठच्या आधी मागू नका. सात वाजता जेवण देणारी जागा दिसली तर ती पर्यटकांसाठीच चालवलेली असते, आणि ताटात ते कळतं.

## टप्पा ५: सकाळचा फेरा, दक्षिणेकडून उत्तरेला आणि वरून खाली

हा सगळ्या भेटीचा गाभा. बहुतेक लोक खालून पायऱ्या चढून कॅथीड्रल बघतात, मग दमलेल्या पायांनी भर उन्हात तटबंदीवर जातात. नेमकं उलट करा.

सकाळी आठ: तटबंदी. जुन्या गावाच्या दक्षिण टोकाला, जिरोनातल्याच प्लासा कातालुन्याजवळून (बार्सिलोनातला याच नावाचा चौक वेगळा) तटबंदीवर चढायची वाट आहे. पासेच दे ला मुराल्या हे तिचं नाव, प्रवेश मोफत. इथून निघालात की चढ हळूहळू येतो, सूर्य उजव्या हाताला राहतो आणि कॅथीड्रल पूर्ण वेळ समोर मोठं होत जातं. उलट दिशेने आलेल्यांच्या पाठीला ते असतं. बुरुजांचे गोल जिने अरुंद आहेत, वर जाताना कुणी उतरत नाही ना हे बघा. वाटेत सावली फारशी नाही आणि पाण्याची सोय धरून चालू नका. बाटली खालीच भरून घ्या, नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

सावधान: गुडघेदुखी असणाऱ्यांनी तटबंदी पूर्ण करायचा हट्ट धरू नये. मधून उतरायच्या वाटा आहेत. पाऊस पडून गेला असेल तर गुळगुळीत दगडांवर चपला घसरतात, बूट हवेतच.

साडेनऊच्या सुमारास: बागा आणि स्नानगृहं. तटबंदीच्या उत्तर टोकाला कॅथीड्रलच्या मागच्या बागांत उतरता येतं. तिथून आणखी खाली 'अरब स्नानगृहं' आणि सांत पेरे दे गाल्यिगांत्स हा जुना मठ आहे, त्यात आता पुरातत्त्व संग्रहालय आहे. स्नानगृहांच्या नावावर जाऊ नका. ती बाराव्या शतकात ख्रिस्ती राजवटीत बांधली गेली, फक्त धाटणी अरबी हमामची आहे. आतल्या थंड पाण्याच्या कुंडावरच्या आठ खांबांमधून वरचा उजेड उतरतो. तो सकाळी पाहावा.

दहानंतर: कॅथीड्रल. दार उघडल्यानंतरचा पहिला तास शांत असतो. तिकिटात सांत फेलिऊची बॅसिलिकाही येते, ते फेकू नका. रविवारी सकाळी प्रार्थना असते, त्या वेळी पर्यटक म्हणून आत जाता येत नाही. खांदे झाका, टोपी काढा.

आत गेल्यावर आधी मधोमध उभे राहा आणि दोन्ही बाजूंना खांब शोधा. सापडणार नाहीत. सुमारे २३ मीटर रुंदीचं छत मध्ये एकही आधार न घेता उभं आहे, गॉथिक इमारतींत एवढं रुंद दालन जगात दुसरं नाही. बहुतेक लोक इथे मान वर करून फोटो काढतात आणि बाहेर पडतात. चूक तिथेच होते, कारण खरी ठेव खजिन्याच्या दालनात आहे: 'सृष्टीचा पट'. त्याला सगळे विणलेला गालिचा समजतात. ते कापडावर लोकरी धाग्याने केलेलं भरतकाम आहे, सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचं. जवळ जाऊन टाके बघा. मधल्या वर्तुळात ख्रिस्त, भोवती सृष्टीची निर्मिती. एका भागात आदम प्राण्यांना नावं देतोय, एकात त्याच्या कुशीतून ईव्ह बाहेर येतेय, खालच्या पाण्यात मासे आणि जलचर दाटीवाटीने भरलेत. चार कोपऱ्यांत शिंगं फुंकणारे चार वारे. कडेच्या चौकटींत वर्षाचे महिने आणि शेतीची कामं. पंधरा मिनिटं तरी द्या.

बाहेर पडताना पश्चिमेच्या दाराने त्या प्रसिद्ध पायऱ्या उतरा. चढायला जी दमछाक झाली असती ती आता नाही.

साडेअकरा: एल काल्य, जुनी ज्यू वस्ती. कॅथीड्रलकडून कारेर दे ला फोर्सा या अरुंद रस्त्याने दक्षिणेला उतरत या. ज्यू इतिहासाचं संग्रहालय याच रस्त्यावर आहे. आधी संग्रहालय, मग गल्ल्या. उलट केलंत तर गल्ल्या नुसत्या फोटोसारख्या दिसतात. संग्रहालयात हिब्रू अक्षरं कोरलेले थडग्यांचे दगड आहेत. ते इथल्याच मोंजुईक टेकडीवरच्या दफनभूमीतून आलेले आहेत, बार्सिलोनाच्या मोंजुईकशी गल्लत करू नका. ११९४ मध्ये याच गावात जन्मलेला मोशे बेन नाहमान हा ज्यू पंडित आणि १४९२ मधली स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी हे दोन धागे तिथे नीट समजून घेतले की बाहेरच्या बंद दारांकडे बघायची नजर बदलते. या गल्ल्यांत लोक राहतात. दारांच्या पायऱ्यांवर बसू नका आणि मोठ्याने बोलू नका, आवाज दगडी भिंतींत घुमतो.

सांत फेलिऊच्या चौकात खांबावर चढणारी दगडी सिंहीण आहे. तिच्या पार्श्वभागाचं चुंबन घेतलं की माणूस जिरोनाला परत येतो, अशी समजूत. चौकातली प्रतिकृती आहे, मूळ शिल्प कॅथीड्रलशेजारच्या कला संग्रहालयात. हात लावला तरी पुरतं.

## टप्पा ६: दुपारचं जेवण, विशेषतः शाकाहारी असाल तर

दीड ते अडीचच्या मध्ये टेबलावर बसा. साडेतीनला स्वयंपाकघरं बंद होतात. मधल्या वारी 'मेनू देल दिया' मागा: पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, गोड, पाव, बहुधा पाणी किंवा वाइनही एकाच किमतीत. रात्री तेवढ्याच पैशांत निम्मं मिळतं. टीप देणं ऐच्छिक आहे.

"आय अ‍ॅम व्हेजिटेरियन" एवढं म्हणून थांबलात तर हॅम नाही पण ट्यूना आहे असं ताट समोर येऊ शकतं. नकार पदार्थागणिक सांगावा लागतो. ही वाक्यं फोनमध्ये लिहून ठेवा:

- सेन्स कार्न नि पेश: मांस आणि मासे नकोत
- सेन्स पर्नील: हॅम नको
- सेन्स तुन्यीना नि अन्शोवा: ट्यूना आणि अँकोव्ही नको
- सेन्स ओउ: अंडं नको

आता कुठे काय लपतं ते. एस्कालिवादा म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, लाल ढोबळी मिरची आणि कांदा. छान लागतं, पण वर अँकोव्ही घालायची पद्धत आहे. कातालान पद्धतीचा पालक मनुका आणि चिलगोजे घालून करतात, कुठे कुठे त्यात हॅमचे तुकडे पडतात. भाज्यांचा भातसुद्धा माशांच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, विचारा. आमानीदा कातालाना या नावाच्या सॅलडमध्ये मांसाचे काप ठरलेले. बेकरीत ल्यार्द म्हणजे डुकराची चरबी आहे का हे विचारून घ्या. शूशो हा इथला तळलेला, साखरेत घोळवलेला पदार्थ क्रीमने भरलेला असतो आणि क्रीमला अंडं लागतं. अंडं न खाणाऱ्यांसाठी मेल इ मातो, म्हणजे ताजं चीज आणि मध.

हिवाळ्याच्या शेवटाला आलात तर काल्सोत्स सोडू नका. जाळावर काळे होईपर्यंत भाजलेले लांब पातीचे कांदे. वरची जळकी सालं हाताने ओढून काढायची, आतला पांढरा भाग रोमेस्को चटणीत बुडवायचा आणि मान मागे करून खायचा. चटणीत बदाम-हेझलनट असतात, अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी जपा.

आणि पा आम तुमाकेत. काही ठिकाणी भाजलेला पाव, अख्खा टोमॅटो, लसूण आणि तेल असं सुटं समोर ठेवतात, आणि आपले लोक टोमॅटोच्या चकत्या करून पावावर रचतात. तसं नाही. आधी सोललेली लसूण पावाच्या खरखरीत बाजूवर घासा. मग टोमॅटो आडवा कापून कापलेली बाजू पावावर दाबत फिरवा, हातात नुसतं साल उरेपर्यंत. मग मीठ, शेवटी ऑलिव्ह तेल. तेल आधी घातलं तर टोमॅटोचा रस पावात मुरत नाही.

## टप्पा ७: बोलणं-वागणं

दुकानात शिरताना 'बॉन दीया', दुपारनंतर 'बॉना तार्दा', निघताना 'अदेऊ'. विनंतीला 'सिस्प्लाऊ', आभाराला 'ग्रासिअस' किंवा नुसतं 'मेर्सी'. स्पॅनिश सगळ्यांना येते आणि ती बोललात म्हणून कुणी रागावत नाही. पण पहिला शब्द कातालान आला की समोरच्याचा सूर बदलतो. कातालान ही स्पॅनिशची बोली आहे असं मात्र म्हणू नका. ती स्वतंत्र भाषा आहे आणि हा विषय लोकांच्या जिव्हाळ्याचा आहे.

पाट्याही कातालानमध्ये असतात: उबेर्त म्हणजे उघडं, तांकात म्हणजे बंद, सुर्तीदा म्हणजे बाहेर जायची वाट, अंदाना म्हणजे फलाट, दिल्युन्स म्हणजे सोमवार.

फ्लामेंको कुठे बघायला मिळेल असं जिरोनात विचारू नका, ते आंदालुसियाचं. खिडक्यांतून स्वातंत्र्यवाद्यांचे झेंडे दिसतील. २०१७ च्या सार्वमताबद्दल कुणी आपणहून बोललं तर ऐका. एकाच गल्लीत दोन टोकांची मतं असलेले शेजारी राहतात, म्हणून आपण निकाल देऊ नये.

## टप्पा ८: उत्सवात सामील होताना

सार्दाना. चौकात हात धरून गोल करून नाचतात. कोब्ला नावाचं अकरा वादकांचं पथक वाजवतं. कुणीही सामील होऊ शकतं, पण तीन नियम आहेत. पुरुष आणि त्याच्या उजव्या हाताची जोडीदार यांच्यामध्ये शिरायचं नाही. पिशव्या गोलाच्या मधोमध ठेवायच्या. आणि पावलं मोजून टाकलेली असतात, म्हणून जाणत्यांच्या गोलात न घुसता नवख्यांचा गोल शोधायचा. छोट्या पावलांना हात खाली, लांब पावलांना हात वर. एवढं जमलं तरी लोक सांभाळून घेतात.

कास्तेल्स, म्हणजे मानवी मनोरे. दहीहंडी पाहत वाढलेल्या माणसाला हे लगेच आपलं वाटतं, आणि म्हणूनच चुका होतात. इथे मनोरा चढताना आरडाओरडा करत नाहीत. ग्राल्या या वाद्याच्या सुरावरून आतल्या लोकांना वर काय चाललंय ते कळतं, त्यामुळे आवाज केला तर त्यांची अडचण होते. सर्वांत वरचं मूल, एन्शानेता, हात उंचावतं तेव्हा मनोरा पूर्ण होतो, पण काम अर्धंच झालेलं असतं. सुखरूप उतरला तरच तो पूर्ण यशस्वी मानतात. तोवर जागा सोडू नका, ढकलाढकली करू नका.

पायाच्या गर्दीला पीन्या म्हणतात. कधी कधी बघ्यांनाही तिच्यात बोलावतात. गेलात तर चष्मा, घड्याळ, गळ्यातलं काढून ठेवा, छाती पुढच्याच्या पाठीला भिडवा आणि हनुवटी खाली ठेवा. वर बघायचा मोह होतो, पण वरून कुणी पडलं तर मानेला आणि चेहऱ्याला इजा होते. शेजारच्या साल गावचं मारेक्स दे साल हे पथक सांत नार्सिसच्या उत्सवात चार जणांचा खांब करून कॅथीड्रलच्या पायऱ्या चढतं. ते बघायचं असेल तर पायऱ्यांची कड खूप आधी धरा.

कोरेफोक. सैतानांच्या वेशातली मंडळी ठिणग्या उडवत रस्त्यातून धावतात. जाड सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, बंद बूट आणि गळ्याला रुमाल. नायलॉन किंवा पॉलिस्टरवर ठिणगी पडली तर कापड वितळून कातडीला चिकटतं, म्हणून साडी-ओढणीही नको. बाबागाडी नको. वरच्या गच्चीतल्या लोकांकडे पाणी मागू नका, फटाक्यांची दारू ओली झाली तर नीट न जळता फुटू शकते.

तपासा: हे कार्यक्रम नेमके कधी, कुठे आहेत ते नदीकाठच्या पर्यटन कार्यालयात पहिल्याच संध्याकाळी विचारून घ्या. पावसाने वेळा बदलतात.

## टप्पा ९: फिगेरेस वेगळ्या दिवशी

जिरोनाहून फिगेरेसला जाताना गाडी निवडा ती स्टेशन बघून. वेगवान गाडी पाव तासात पोचते, पण ती थांबते फिगेरेस-विलाफान या गावाबाहेरच्या स्टेशनात, तिथून चालत किंवा बसने यावं लागतं. प्रादेशिक गाडीला अर्धा-पाऊण तास लागतो, पण ती गावातल्या स्टेशनात सोडते आणि संग्रहालय तिथून पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. बहुतेकांना दुसरीच सोयीची.

दाली थिएटर-म्युझियम वर्षाचे बरेच महिने सोमवारी बंद असतं. तिकिटावरची वेळ प्रवेशाची असते, म्हणून एक गाडी आधीची धरा. सकाळची पहिली वेळ मिळाली तर घ्या, साडेअकरानंतर बार्सिलोनाच्या बस येऊन थडकतात. तिथून थेट बार्सिलोनाला परतायचं असेल तर जिरोनाच्या हॉटेलात सामान ठेवून येऊ नका. परतीचं तिकीट कोणत्या स्टेशनातून आहे ते निघण्याआधी पुन्हा वाचा, कारण दोन्ही स्टेशनांमधलं अंतर बॅगा घेऊन धावत गाठता येत नाही.